फोनवरचा होकार आणि हातातले लेटर: तोंडी ऑफर फिरली किंवा विरली तर काय करावे

‘‘तुमचं सिलेक्शन झालंय, पॅकेज आपलं बोलणं झालं तेच राहील, लेटर सोमवारपर्यंत येईल; तुम्ही पेपर टाकायला हरकत नाही.’’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी उमेदवारांना फोनवर ऐकवले आहे. आधी भोसरीतील एका कारखान्यात आणि नंतर खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत मिळून 14 वर्षे मी भरतीचे काम केले. त्या काळात सोमवार आला आणि गेला, पण लेटर निघाले नाही, असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके थोडे नव्हते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेले आहे, आणि त्यात थोडा कबुलीजबाबही आहे.

शब्द का फिरतो

फोन करणारी व्यक्ती बहुतेक वेळा खोटे बोलत नसते. तिला तो शब्द देण्याचा अधिकार नसतो, एवढेच. कारखान्यात प्लँट हेडने मुलाखतीनंतर मान डोलावली, की एचआरमधील माणूस उमेदवाराला फोन लावून मोकळा होतो, पण ठरलेला पगार त्या ग्रेडच्या वर जात असेल तर फाइल मुख्य कार्यालयाकडे जाते आणि तेथे ती चार आठवडे पडून राहू शकते. सॉफ्टवेअर कंपनीत जागाच एखाद्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर टांगलेली असते. क्लायंटने काम तीन महिने पुढे ढकलले की जागा ‘होल्ड’वर जाते आणि ते उमेदवाराला सांगण्याचे काम कोणाचे, हे कोणीच ठरवलेले नसते.

तिसरे कारण कंपन्या उघडपणे सांगत नाहीत. 90 दिवसांच्या नोटीस पिरियडच्या काळात अनेक उमेदवार हातातील ऑफर दाखवून दुसरीकडून जास्त पगार मिळवतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवतात. अशा अनुभवातून शहाणे झालेले भरती करणारे लोक मग एका जागेसाठी दोघांना ‘तुमचं नक्की आहे’ असे सांगून ठेवतात. पहिला रुजू झाला की दुसऱ्याचा फोन उचलणे बंद होते. हे योग्य आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र समोरून येणारा गोड शब्द कोणत्या कारखान्यात तयार होतो, हे माहीत असलेले बरे.

म्हणून होकाराचा फोन आला की आनंद व्यक्त करून झाल्यावर तेथल्या तेथे तीन गोष्टी विचाराव्यात: या जागेला अंतिम मंजुरी मिळालेली आहे का, लेटरवर सही कोणाची असेल, आणि ते कोणत्या तारखेला निघेल. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर आले तर मंजुरी मिळालेली नाही असे समजावे. सही करणाऱ्याचे पद फोन करणाऱ्याला सांगता आले नाही, तरी तेच समजावे. आपल्याकडे असे विचारणे बरे दिसत नाही, समोरचा रागावेल, अशी एक भीती असते. मी तरी या प्रश्नांमुळे कोणाची निवड रद्द झालेली पाहिलेली नाही. उलट असे विचारणाऱ्याची फाइल मी थोडी लवकर पुढे सरकवत असे, कारण हा माणूस पुन्हा विचारणार याची खात्री असे.

तासाभरात पाठवायचा मेल

कंपनी लेखी देत नसेल तर तुम्ही लेखी द्यावे. फोन ठेवल्यावर तासाभरात एचआरच्या अधिकृत मेलवर, आणि शक्य असल्यास ज्यांनी मुलाखत घेतली त्या विभागप्रमुखांना प्रत जोडून, संभाषणाचा सारांश पाठवावा. भाषा इंग्रजी असली तरी आशय असा असावा:

‘आज सायंकाळी आपल्याशी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी माझी निवड झाल्याचे आपण कळवले. वार्षिक पगार, त्यातील निश्चित भाग, कामाचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख आपण पुढीलप्रमाणे सांगितली. हा प्रस्ताव मी स्वीकारत आहे. ऑफर लेटर सोमवारपर्यंत मिळेल असे आपण म्हणालात. ते हाती आल्यावर मी सध्याच्या कंपनीत राजीनामा देईन. यात काही चुकीचे लिहिले गेले असल्यास कृपया कळवावे.’

या मेलमधील ‘स्वीकारत आहे’ हे शब्द केवळ सौजन्याचे नाहीत. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 5 नुसार, स्वीकृती पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव देणारा तो मागे घेऊ शकतो. स्वीकृती पोचल्यानंतर माघार घेणे हा करारभंग ठरू शकतो. कलम 7 नुसार स्वीकृती बिनशर्त असावी लागते, त्यामुळे ‘स्वीकारतो, पण पगारात आणखी पन्नास हजार वाढवा’ असे लिहिणे म्हणजे स्वीकार नव्हे. तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव झाला आणि कंपनीला बाहेर पडायला आयती वाट मिळाली. पगाराची घासाघीस करायची असेल तर ती फोनवरच, होकाराआधी, संपवावी.

तोंडी करारही आपल्या कायद्यात करार असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे. मेलची देवाणघेवाण करारासाठी चालते हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 10-अ मध्ये स्पष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असा इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्रासह न्यायालयात सादर करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले ‘कॉन्ग्रॅट्स, वेलकम टू द टीम’ हेदेखील पुसून टाकू नये, आणि फोन बदलताना जुने चॅट नव्या फोनवर घ्यायला विसरू नये. स्क्रीनशॉट सोबत असावेत, पण मूळ संदेश ज्या फोनमध्ये आहे तो फोन अधिक मोलाचा असतो.

मेलला उत्तर म्हणून ‘नोटेड’ एवढे जरी आले तरी तुमच्या हातात काही तरी आहे. दोन कामकाजी दिवसांत काहीच आले नाही, आणि फोनवर मात्र ‘हो हो, मेल बघितला’ असे सांगितले जात असेल, तर लेखी काही न देण्याची सूचना त्यांना वरून मिळालेली असण्याची शक्यता धरून चालावे.

राजीनामा

लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये. या लेखातील बाकी सर्व विसरले तरी चालेल, हे विसरू नये. एचआर घाई करते ती अशी: ‘‘लेटर यायला आठवडा लागेल, तुमची नोटीस तीन महिन्यांची आहे, तेवढा वेळ कशाला घालवता?’’ यावर नम्रपणे एवढेच म्हणावे: ‘‘मॅडम, लेटर ज्या दिवशी येईल त्याच दिवशी मी पेपर टाकतो; तुमचा आठवडा वाचवायचा असेल तर लेटरच लवकर पाठवा.’’ घाई खरोखरच असेल तर लेटर दोन दिवसांत निघते, हे मी आतून पाहिलेले आहे.

परिस्थितीच अशी असेल की लेटरआधी राजीनामा द्यावाच लागणार, तर त्याआधी एचआरला मेल करावा की ‘आपण काल फोनवर सांगितल्यावरून आणि आपल्या आश्वासनावर विसंबून मी आज राजीनामा देत आहे’. करारभंगाची भरपाई करार कायद्याच्या कलम 73 खाली मागताना, होणाऱ्या नुकसानीची कल्पना समोरच्या पक्षाला आधीपासून होती का, हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर या एका ओळीत असते. उलट, आधीच्या मेलमध्ये ‘लेटर आल्यावर राजीनामा देईन’ असे लिहून नंतर तसाच गुपचूप राजीनामा दिला, तर तुमचेच वाक्य तुमच्या विरुद्ध वाचले जाईल.

लेटर आले तरी ते शेवटपर्यंत वाचावे. ‘लेटर ऑफ इंटेंट’ म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. त्यात बहुधा कंपनीला बांधणारे फारसे काही नसते. ऑफर लेटरमध्ये बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, वैद्यकीय तपासणी आणि मागील कंपनीचे रिलीव्हिंग लेटर या अटी असतात, तसेच स्वीकारण्याची शेवटची तारीखही असते. ती उलटून गेली तर दोष तुमच्या माथी येतो. नाशिक, सोलापूर किंवा सांगलीहून पुण्यात येणाऱ्यांनी खोलीचे डिपॉझिट आणि मुलांच्या शाळेचे प्रवेश लेटरनंतरच करावेत. दुसरीकडच्या मुलाखती मात्र लेटर आल्यानंतरही लगेच बंद करू नयेत. यात अनैतिक काही नाही, कंपनीनेही तुमच्यामागे दुसरा उमेदवार उभा करून ठेवलेला असतो.

कन्सल्टन्सीने दिलेला होकार हा कंपनीचा होकार धरू नये. लेटर कंपनीच्या स्वतःच्या मेलवरूनच आले पाहिजे. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजावी, पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

उत्तरच येत नसेल तेव्हा

सांगितलेली तारीख उलटून दोन कामकाजी दिवस झाले की एक मेल, त्यानंतर दोन दिवसांनी एक फोन, आणि तरीही काही नाही तर ज्यांनी मुलाखत घेतली त्या विभागप्रमुखांना एक छोटा संदेश, एवढेच करावे. यातील शेवटची पायरी लोक टाळतात, पण तीच सर्वांत उपयोगी असते. एचआरला तुम्ही यादीतील एक नाव असता; विभागप्रमुखाला मात्र रिकाम्या खुर्चीचा रोज त्रास होत असतो, त्यामुळे तो खरे काय ते सांगून टाकतो. ‘‘जागा मार्चपर्यंत फ्रीझ आहे, वाट बघू नका’’ हे वाक्य एचआरच्या दहा फोनपेक्षा अधिक मोलाचे असते.

त्यानंतर शेवटचा मेल तारखेसह पाठवावा: ‘येत्या शुक्रवारपर्यंत लेखी प्रस्ताव न मिळाल्यास मी इतर संधींचा विचार करण्यास मोकळा आहे असे समजेन.’ शुक्रवार गेला की मनातूनही ती नोकरी काढून टाकावी. दिवसातून पाच वेळा फोन करणाऱ्या उमेदवारांचे नंबर आमच्या कार्यालयात ‘उचलू नका’ अशा नावाने सेव्ह केलेले असत, हे सांगताना आता संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

स्पष्ट नकार आला तर

भोसरीला असताना चाकणच्या एका क्वालिटी इंजिनिअरला मी असाच फोन केला होता, आणि माझ्या शब्दावर त्याने राजीनामा दिला. महिन्याभरात आमच्याकडची जागा गोठवली गेली. तो रात्रपाळी संपवून मोटरसायकलवरून थेट आमच्या रिसेप्शनला आला आणि मांडीवर हेल्मेट, त्यावर डबा ठेवून साडेनऊपासून बसून राहिला. माझे वरिष्ठ म्हणाले, ‘मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग.’ मी काचेआडून त्याला पाहत होते आणि तसेच सांगितले. एक वाजता मी बाहेर आले, तेव्हा त्याने ना भांडण केले ना नोकरी मागितली. त्याचे मागणे एकच होते: ‘‘मॅडम, माझी चूक नव्हती, एवढं कागदावर लिहून द्या. माझा लास्ट डे बारा दिवसांवर आहे, साहेबांना दाखवायचंय.’’

ते कागदावर द्यायला आम्ही चार दिवस लावले. शेवटी प्लँट हेडनेच लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या: ‘कंपनीच्या अंतर्गत कारणांमुळे सदर पद तूर्त रद्द करण्यात आले आहे. याचा उमेदवाराच्या पात्रतेशी किंवा वर्तनाशी कोणताही संबंध नाही.’ त्या जोरावर त्याच्या जुन्या साहेबांनी राजीनामा मागे घेऊ दिला.

म्हणून नकार आला की रागाच्या भरात काही लिहिण्याआधी या दोन ओळी मागाव्यात. शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी सध्याच्या कंपनीत राजीनामा मागे घेण्याची विनंती लेखी करावी. तुमच्या जागी माणूस ठरला असेल तर ते अवघड होते, त्यामुळे येथे एकेक दिवस मोलाचा असतो. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये. ज्याला तुमचे काम माहीत आहे असा साहेब नवा माणूस शिकवण्यापेक्षा तुम्हाला ठेवून घेणे पसंत करतो.

नकार देणाऱ्या कंपनीकडे त्याच वेळी आणखी काही मागता येते: जॉइनिंग पुढच्या तिमाहीत लेखी स्वरूपात द्यावे, चाकण नाही तर रांजणगावच्या किंवा तळेगावच्या प्लँटमध्ये जागा आहे का ते पाहावे, आणि नोटीस बायआउटचे, म्हणजे नोटीस पूर्ण न करता लवकर सुटण्यासाठी जुन्या कंपनीला द्यावे लागणारे, पैसे तुम्ही भरले असतील तर ते परत द्यावेत. मागणी आकड्यासह आणि पावतीसह केली तर काही कंपन्या वाद टाळण्यासाठी ती मान्य करतात. ‘मला न्याय पाहिजे’ या मागणीवर कोणालाही सही करता येत नाही. ‘बायआउटचे 84,000 रुपये, पावती सोबत जोडली आहे’ यावर करता येते.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. अनेक महाविद्यालयांत एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांच्या मुलाखतीला बसू देत नाहीत, त्यामुळे कंपनी गप्प झाली तर नुकसान दुहेरी होते. अशा वेळी प्लेसमेंट अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन आपले नाव पुन्हा यादीत घेण्याची मागणी करावी, आणि ती एकट्याने न करता त्याच कंपनीत निवड झालेल्या सर्वांनी मिळून करावी. कंपनीला पुढच्या वर्षी त्याच कॅम्पसमध्ये यायचे असते, म्हणून ती महाविद्यालयाच्या मेलला सहसा उत्तर देते. पुण्यातील आयटी कर्मचाऱ्यांची ‘नाइट्स’ ही संघटना रखडलेल्या जॉइनिंगच्या तक्रारी केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेत आलेली आहे. लेटर मिळूनही महिनोन्‌महिने रुजू करून घेतले जात नसेल तर तिच्याशी संपर्क साधता येतो.

कायद्याकडून किती अपेक्षा ठेवावी

न्यायालय तुम्हाला ती नोकरी मिळवून देईल, ही आशा खासगी कंपनीच्या बाबतीत सोडून द्यावी. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम 1963 नुसार वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने अमलात आणता येत नाही. मिळू शकते ती भरपाई, आणि तीही मर्यादित, कारण लेटरमध्येच ‘एक महिन्याच्या नोटिशीने नोकरी संपवता येईल’ असे कलम असेल तर नुकसानही साधारण तेवढ्याच पगाराचे धरले जाते. शिवाय नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय प्रयत्न केले हेही पाहिले जाते. म्हणून त्या काळात केलेले अर्ज आणि दिलेल्या मुलाखती यांची नोंद ठेवावी. दावा करण्याची मुदत करारभंगापासून 3 वर्षे आहे. माझ्या मते, लेखी ऑफर लेटर, लेखी स्वीकृती, त्यावर विसंबून दिलेला राजीनामा आणि बुडालेल्या रकमेचा हिशेब हे चारही हातात असतील तरच वकिलाची नोटीस पाठवण्यात अर्थ आहे. केवळ एका फोनच्या आधारावर शिवाजीनगरच्या न्यायालयात खेटे घालणे परवडत नाही.

कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार घेऊन जाणाऱ्यांची तेथे बहुधा निराशा होते, कारण रुजूच न झालेला माणूस अजून त्या कंपनीचा कामगार झालेला नसतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे हे खरे, पण तो हक्क नेमणूक झाल्यानंतरचा आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 खाली महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा असते. 15100 या क्रमांकावर प्राथमिक माहितीही मिळते. दावा दाखल करण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते आणि त्याला न्यायालयीन शुल्क लागत नाही. बायआउटच्या रकमेसारख्या छोट्या, मोजता येणाऱ्या मागणीसाठी हा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

सरकारी भरतीचे नियम निराळे आहेत. निवड यादीत नाव आले म्हणजे नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1991 मध्ये म्हटले आहे. मात्र सरकारला मनमानीही करता येत नाही, आणि राज्य शासनाच्या पदांबाबत ‘मॅट’कडे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे) दाद मागता येते.

पुढची मुलाखत

मधल्या काळात दोन-तीन महिने रिकामे गेले असतील तर पुढच्या मुलाखतीत ते विचारले जाणारच. आजारपण किंवा घरगुती कारण अशी खोटी कारणे देऊ नयेत, कारण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तारखा जुळत नाहीत. ‘एका कंपनीने निवड कळवली होती, त्यावर मी राजीनामा दिला, नंतर ती जागा रद्द झाली’ एवढे सांगावे, मागितले तर तो दोन ओळींचा कागद दाखवावा आणि विषय कामाकडे न्यावा. त्या कंपनीला तेथे नावे ठेवू नयेत. समोर बसलेल्या व्यक्तीने तसा फोन स्वतः कोणाला तरी केलेला असण्याची शक्यता बरीच असते.